लोकशाहीतील सांस्कृतिक धोरण आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



 अशा प्रसंगी वक्त्याने ज्ञातीच्या पूर्वजांचा गौरव करावा, गुणवंत विद्यार्थ्यांस आशीर्वाद द्यावेत आणि भोजनास विलंब होणार नाही इतक्या वेळात खाली बसावे, असा आपला शिष्टसंमत परिपाठ आहे. पहिली दोन कर्तव्ये आमच्यापूर्वी बोललेल्या वडीलधाऱ्यांनी उत्तम प्रकारे पार पाडली आहेत. तिसऱ्याची काळजी आम्ही घेऊ.

आजच्या भाषणास आम्ही जो विषय निवडला आहे, तो वरकरणी सरकारदरबारचा वाटेल. लोकशाही राज्यात, आणि तेही नाना भाषा, नाना धर्म व नाना जाती एकत्र नांदत असलेल्या राज्यात, संस्कृतीविषयीचे सार्वजनिक धोरण कसे असावे, हा तो विषय होय. आपणांपैकी कोणी म्हणतील की, हा प्रश्न मंत्र्यांचा आणि पंडितांचा. तो ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर कशाला? त्यास आमचे उत्तर असे की, उद्याच्या साधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आपल्या सभागृहाच्या नियमात दुरुस्ती करण्याचा जो ठराव आहे, तो याच प्रश्नाचे लहान रूप आहे. मोठ्या घराचा विचार नीट झाला म्हणजे लहान घराचा निर्णय सोपा होतो, म्हणून आम्ही मोठ्यापासून आरंभ करतो.

संस्कृतीच्या बाबतीत सरकारने काही धोरण ठेवावे की नाही, असा वाद पुष्कळदा घातला जातो. आमच्या मते हा वाद व्यर्थ आहे. शाळेत कोणती भाषा शिकवावी, ग्रंथालयास अनुदान किती द्यावे, कोणाचे स्मारक उभारावे, कोणत्या कलावंतास मानधन द्यावे, यांतील प्रत्येक निर्णय सांस्कृतिकच असतो. धोरण लिहून ठेवले नाही म्हणजे ते नसते असे नव्हे. ते कोणाच्या तरी मनात असते, आणि मनातल्या धोरणास कोणी जाब विचारू शकत नाही. म्हणूनच स्वतंत्र भारताने संगीत नाटक अकादमी १९५३ साली आणि साहित्य अकादमी व ललित कला अकादमी १९५४ साली स्थापन केल्या, आणि मंत्र्याच्या मेजापासून त्या काही अंतरावर राहाव्यात अशी योजना केली. महाराष्ट्र राज्य जन्मास आले त्याच १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ निर्माण झाले. पुढे २०१० साली राज्याने आपले सांस्कृतिक धोरण जाहीर केले आणि २०२४ साली त्याची नवी आवृत्ती सिद्ध झाली. तेव्हा धोरण असावे हे ठरलेलेच आहे. खरा प्रश्न, त्या धोरणाने यजमानाचे काम करावे की पहारेकऱ्याचे, हा आहे.

केवळ तत्त्वाची चर्चा कंटाळवाणी होते, म्हणून आपल्या सर्वांच्या घरांत एके काळी बोलत असलेल्या एका यंत्राचे उदाहरण घेऊ. ते यंत्र म्हणजे रेडिओ.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली. कारण शास्त्रीय होते. पेटीचे स्वर ठरीव. दोन स्वरांमधील श्रुती तीत नाहीत, मींड तीवर निघत नाही. वाद्यही परदेशातून आलेले. हे आक्षेप सर्वस्वी खोटे होते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने पेटीस बोलती केली, ज्याच्या नाट्यसंगीताचा श्वास पेटी आणि ऑर्गन यांवर चालत असे, ज्याच्या खेड्यापाड्यांतील भजनीमंडळांत ती मृदंगाच्या शेजारी मांडी घालून बसली होती, त्या महाराष्ट्रास एका सरकारी हुकुमाने सांगण्यात आले की, हे वाद्य तुमचे नव्हे. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. एकतीस वर्षे! आणि या एकतीस वर्षांत देवळातील एकही पेटी बंद पडली नाही. बंद राहिले ते आकाशवाणीचे दार.

१९५२ साली केंद्रात नभोवाणीचे खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. ते आपल्या मराठी मुलखातले, संगीताचे जाणते आणि हेतूने निर्मळ. त्यांच्यासमोरचा प्रश्नही खरा होता. पाचशेहून अधिक संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्याबरोबर गवयांचा राजाश्रय संपला. मग त्या गुणीजनांनी जावे कोठे? केसकरांनी आकाशवाणीस त्यांचा आश्रयदाता केले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, आणि ज्या घरात गवई कधी पाऊल टाकणार नव्हता त्या घरात शनिवारच्या रात्री थोर थोर गवयांचे गाणे पोहोचू लागले. या उपकाराचे विस्मरण करणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु याच केसकरांनी दुसरीही एक गोष्ट केली. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. म्हणून त्या गीतांचा वाटा आकाशवाणीवर कमी करण्यात आला, निर्मात्यांशी बेबनाव झाला, आणि पाहता पाहता ती गीते आपल्या केंद्रांवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी यावर काय केले? त्यांनी मोर्चा काढला नाही की अर्ज केला नाही. त्यांनी फक्त बटण फिरविले. समुद्रापलीकडे सिलोनचे केंद्र होते. १९५२ च्या अखेरीस तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पाहुण्यासारखा येऊ लागला. आपल्याच देशातील गाणी ऐकण्यासाठी आपल्याच देशातील माणसांस परक्या बेटाकडे कान लावावा लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. जे दार पाच वर्षे बंद ठेवले होते ते स्वतःच्याच हाताने उघडावे लागले.

आता याच काळातील दुसरे चित्र पाहा. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली. वर्षभरात छप्पन्न गीते प्रसारित झाली आणि महाराष्ट्र आपापली कामे बाजूस सारून रेडिओपुढे बसला. खाते तेच, मंत्री तेच, वर्षेही तीच. मग एका ठिकाणी फजिती आणि दुसऱ्या ठिकाणी हे यश का? आमच्या अल्पमतीस याचे कारण असे दिसते: गीतरामायणाने कोणासही दुसरे काही ऐकू नका असे सांगितले नाही. सरकारी केंद्राने गुणी माणसे बोलावली, त्यांस अवकाश दिला, साधने दिली आणि आपण बाजूस सरले. तेथे सरकार यजमान होते. चित्रपटगीतांच्या बाबतीत ते पहारेकरी झाले.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्या लेखणीने गीतरामायण लिहिले, त्याच लेखणीने पुढे १९५९ साली 'सांगत्ये ऐका' या तमाशाप्रधान चित्रपटासाठी ठसकेबाज लावण्या लिहिल्या. माडगूळकरांच्या दौतीत सात्त्विक शाई एक आणि राजस शाई दुसरी, असे दोन कप्पे नव्हते. कप्पे आपण पाडतो. संस्कृती ते पाळीत नाही.

ज्ञातिबंधूंनो, कप्पे पाडण्याची ही वृत्ती केवळ वाद्यांपुरती किंवा गीतांपुरती राहत नाही. ती माणसांपर्यंत पोहोचते. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीत असाही दंडक होता की, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा गायक-गायिकांस ध्वनिक्षेपकासमोर उभे करू नये. नियम दिसावयास नीतीचा. परंतु त्याचा घाव कोणावर पडला? पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराण्यांतील स्त्रियांनी गाणे जिवापाड जपले, आणि ज्यांस प्रतिष्ठितांच्या पंक्तीत पाट कधीच मिळाला नाही, त्यांच्यावर. त्यांनी राखलेला राग आपल्यास हवा होता. तो राखणारी बाई मात्र नको होती.

हे दुसऱ्यांचे दोष आम्ही उत्साहाने सांगत आहोत खरे. पण त्याच तोंडाने आपला दोष सांगितल्यावाचून आमचे भाषण प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या सभागृहाची व्यवस्था आमच्याकडे होती. श्रावणाचे दिवस होते. पावसाळ्यात ज्याचे खेळ बंद असतात असा एक लहानसा तमाशाचा फड गावात उतरला होता. त्यांच्यातील एक वयस्कर ढोलकीवाले आमच्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, दुपारच्या वेळी हॉल मोकळाच असतो. आठ दिवस तालमीपुरता द्या. भाडं देऊ." आम्ही नियमांचे पुस्तक उघडले. त्यात सभागृह 'सभासदांस व सात्त्विक कार्यक्रमांसाठीच' द्यावे असे कलम आहे. आम्ही ते त्यांस वाचून दाखविले. ते काहीही बोलले नाहीत. नमस्कार करून पायऱ्या उतरले. आम्हांस नियम पाळल्याचे समाधान वाटले.

पुढे तीन महिन्यांनी आपले स्नेहसंमेलन झाले. आपल्याच मुलींनी, याच रंगमंचावर, नऊवारी नेसून, पायांत घुंगरू बांधून, ध्वनिमुद्रित लावणीवर नृत्य केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या. आमच्या शेजारी मंडळातील एक वृद्ध मावशी बसल्या होत्या. त्या आमच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बाळ, त्या दिवशी त्या माणसांना परत पाठवलंस ना? मग आज हे कोणाचं वाजवतोयस?"

त्या प्रश्नास आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. आजही नाही. गाणे आम्ही आत घेतले होते, गाणाऱ्यास पायरीवरून परत पाठविले होते. १९४० चे आणि १९५२ चे अधिकारी आमच्याहून काही वेगळे वागले नव्हते. त्यांच्या हाती देशाची नभोवाणी होती आणि आमच्या हाती एका सभागृहाची किल्ली, इतकाच काय तो फरक.

यावर कोणी म्हणतील की, जी ती ज्ञाती आपली संस्कृती जपते, त्यात गैर ते काय? गैर काहीच नाही. भारतीय संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाने आपापली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक समूहास दिलेलाच आहे. आपले कुलाचार, आपल्या घरची पक्वान्ने, आपल्या आजीच्या तोंडच्या ओव्या आपण अवश्य जपाव्यात. परंतु जतन करणे आणि मज्जाव करणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात सर्व जातींच्या बायका आहेत. तो ठेवा जमला तो आयाबायांच्या शेजारी बसून ऐकल्यामुळे. कोणास दार लावल्यामुळे नव्हे. आपल्या मंडळाने आपल्या वृद्ध स्त्रियांच्या ओव्या आजवर किती लिहून घेतल्या आहेत, हे आपण एकमेकांस विचारावे. मज्जावाचे कलम मात्र आपण शाईने लिहून ठेवले आहे.

शिवाय 'आपले' म्हणून ज्याचा अभिमान बाळगावा, ते एकट्या आपले असते तरी कोठे? महाराष्ट्राच्या गायकीचा इतिहास पाहा. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी उस्ताद अल्लादियाखाँ यांस आश्रय दिला. त्या मुसलमान गुरूपाशी भास्करबुवा बखले शिकले, आणि त्यांच्याच तालमीत गोव्याच्या कलावंत परंपरेतील केसरबाई केरकर तयार झाल्या. त्या केसरबाईंचे गाणे १९७७ साली अंतराळयानाच्या सुवर्णतबकडीवर पृथ्वीचा आवाज म्हणून ताऱ्यांकडे पाठविण्यात आले. राजा एका जातीचा, गुरू दुसऱ्या धर्माचा, शिष्य तिसऱ्या समाजाचे. यातून एक जरी दुवा नियमावर बोट ठेवून गाळला असता, तर ताऱ्यांकडे काय पाठविले असते?

त्याच शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. आपल्यासारखी ज्ञातिमंडळे त्या चळवळीचे ऋण मानतात. पण त्या वसतिगृहांचा हेतू मुलांस शिकवून सर्वांच्या जगात पाठविण्याचा होता, जातीच्या भिंती उंच करण्याचा नव्हता. महाराजांनी त्याच नगरीत नाट्यगृह बांधले, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यास आग लागली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. त्या अश्रूंस जात नव्हती, कारण त्या नाट्यगृहाच्या दारास जात नव्हती. जे दार सर्वांस उघडे असते, त्याचेच दुःख सर्वांस होते.

या सर्व विवेचनातून राज्याने आणि आपण पाळावयाची सूत्रे आम्हांस तीन दिसतात.

पहिले सूत्र असे की, सार्वजनिक पैशाने द्यावे, परंतु त्या पैशाच्या बळावर रोखू नये. अभिजात संगीतास विशेष साहाय्य देणे योग्यच आहे, कारण त्यास बाजारात गिऱ्हाईक थोडे असते. पण एकास पाणी घालण्यासाठी दुसऱ्याचे मूळ तोडण्याचे कारण नाही. दर्जाची चाड असावी. ती उत्तम तयार करून दाखवावी, हुकूम सोडून नव्हे.

दुसरे सूत्र असे की, ज्यास मान मिळाला त्याने मान द्यावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. तो आनंद रास्त आहे. परंतु याच महाराष्ट्रात गोंडी, भिली आणि कोरकू बोलणारी मुले शाळेत जातात, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत त्यांची भाषा नाही. दिल्लीने आपली भाषा ओळखावी असा आग्रह आपण धरला. तोच आग्रह मेळघाटातल्या आणि गडचिरोलीतल्या आईने मुंबईकडे धरला, तर त्यास आपण काय उत्तर देणार?

तिसरे सूत्र आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. धोरण चुकणारच, म्हणून ते दुरुस्त करता आले पाहिजे, आणि ज्यांच्यावर ते लादले जाते त्यांस दुरुस्ती मागता आली पाहिजे. पेटीवरची बंदी चुकीची होती यापेक्षा ती एकतीस वर्षे चुकीची राहिली, ही अधिक खेदाची गोष्ट होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली असे सांगितले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची किंवा कोणा एकाची मक्तेदारी नाही. १९९७ साली आकाशवाणी प्रसारभारतीच्या स्वाधीन झाली. आज तर प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनी हेच एक केंद्र झाले आहे. बटण फिरविणे पूर्वीहून सोपे आहे. हुकुमाने अभिरुची घडविण्याचे दिवस संपले. आता राज्यासही आणि मंडळासही लोकांस प्रेमाने बोलवावे लागेल.

एक शंका उरते. दार उघडले म्हणजे वाटेल तो वाटेल ते करील, असे भय काही वडीलधाऱ्या सभासदांनी आमच्यापाशी बोलून दाखविले. ते भय आम्ही हसण्यावारी नेत नाही. सभागृह आपल्या वडिलांनी पोटास चिमटा घेऊन उभारले आहे; त्याचे पावित्र्य राखले पाहिजे. म्हणून वेळेचे बंधन असावे, अनामत रक्कम असावी, ध्वनिवर्धकाची मर्यादा असावी, मद्यपानास सक्त मनाई असावी. मात्र हे नियम कीर्तनकारास आणि शाहिरास, आपल्यास आणि परक्यास, सारखेच असावेत. जो नियम वागणुकीस लागतो तो न्याय. जो माणसाच्या जन्मास किंवा त्याच्या कलेच्या नावास लागतो तो न्याय नव्हे. यमुनाबाई वाईकरांच्या लावणीस या राष्ट्राने २०१२ साली पद्मश्री दिली, राज्य सरकार विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने तमाशा कलावंतास पुरस्कार देते, आणि आपल्या नियमांच्या पुस्तकाने मात्र अजून त्यांस पायरीवरच थांबवावे, हे शोभण्यासारखे नाही.

उद्याच्या ठरावात मागणी इतकीच आहे की, 'सभासदांस व सात्त्विक कार्यक्रमांसाठीच' हे शब्द गाळावेत, आणि सभासदांच्या मंगलकार्यांस प्रथम हक्क ठेवून उरलेल्या दिवशी सभागृह कोणत्याही समाजाच्या कलावंतास समान नियमांनी द्यावे. आपणांपैकी प्रत्येकाने मत आपल्या विवेकास स्मरून द्यावे. आम्ही कोणास आग्रह करीत नाही. ज्याने एकदा चुकीचे मत दिले त्यास आग्रहाचा अधिकार उरत नाही. आमचे मत ठरावाच्या बाजूने पडेल, इतके मात्र सांगून ठेवतो.

ते ढोलकीवाले आता कोठे असतील, आम्हांस ठाऊक नाही. त्यांचे नावही आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. ठराव संमत झाला तरी त्यांस त्याचा उपयोग होईल असे नाही. परंतु त्यांच्यामागून दुसरे कोणी हात जोडून त्या पायऱ्या चढतील, तेव्हा किल्ली हाती असलेल्या माणसास पुस्तक उघडण्याची गरज पडू नये, आधी दार उघडता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.